महांतप्पाचा बाण आणि वर्षाची तूर

महांतप्पाचं कॉम्प्युटरचं दुकान आणि माझी पिठाची गिरणी यांच्यामधे एकच भिंत हाय, आणि ती पण त्यानं माझ्या पैशानं बांधून घेतलीय. तेव्हा मी त्याच्याविषयी जे काय सांगीन त्यात थोडा राग येणारच. मी नानासाहेब. अख्खं मुरुम मला नाना म्हणतं, महांतप्पा एकटाच 'ए गिरणी' म्हणतो.

माणूस साठीच्या पुढं गेलेला. कपाळावर विभूतीचे पट्टे, वरच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर, आणि तोंडात सदा तक्रार. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही आले, मग मोबाईल, मग कॉम्प्युटर. लोकांच्या घरात जे नवीन बिघडायला येईल ते हा शिकून घ्यायचा. शिकवणारा कुणी नव्हता. उघडून बघायचं, परत जोडायचं आणि एखादा स्क्रू उरला तर डबीत टाकायचा, ही त्याची पद्धत. माझ्या गिरणीचा पत्रा त्याच डबीतल्या स्क्रूंवर उभा हाय, त्यामुळं मी त्या पद्धतीला नाव ठेवत न्हाय.

पैसे मात्र त्यानं दुरुस्तीचे कधी घेतले न्हायत. रेडिओच्या काळापासून त्याची बोली ठरलेली. वर्षभर कधीही हाक मारा, रास झाली की तूर द्या. आलूरच्या दूध डेअरीची सत्यभामा तूर देते, दाळिंबचा खतवाला सिदू ज्वारी देतो, येणेगूरचा रामहरी हरभरा देतो आणि दर वर्षी तो कमी पिकला म्हणून रडतो. अशी पंचक्रोशीतली दुकानं, डेअऱ्या, दाखले काढून देणारी केंद्रं, सगळी त्याच्या बोलीत बांधलेली. ती ज्वारी अन् हरभरा दळायला येतो माझ्याकडं. दळणाच्या बदल्यात हा माझा मोबाईल फडक्यानं पुसून देतो आणि वर सांगतो, सर्व्हिसिंग झाली.

तीन-चार वर्षांखाली दाळिंबच्या फाट्यावर म्हशीला चुकवायला गेला आणि स्कूटीवरनं पडला. म्हैस जागची हलली न्हाय, ह्याच्या मांडीत सळई बसली. डॉक्टरनं गाडी बंद केली. मला वाटलं, संपला आता ह्याचा कारभार. तर पठ्ठ्यानं खाटेवर पडल्या पडल्या एका परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर शोधून काढलं. इथं मुरुमात ह्यानं माऊस हलवला की तिथं आलूरच्या पडद्यावर बाण हलणार. बिल अडकलं, प्रिंटर रुसला, फाईल हरवली, सगळं खुर्चीत बसून निघायला लागलं. हळूहळू त्या बाणालाच लोक अप्पा म्हणायला लागले. पडद्यावर बाण आपोआप सरकायला लागला की डेअरीत बोंब व्हायची, अप्पा आले, सरका. सत्यभामा तर लगेच डोक्यावर पदर घ्यायची, कारण नात्यानं महांतप्पा तिचा लांबचा थोरला दीर लागतो. दीर आलूरात न्हाय, मुरुमात चड्डी-बनियनवर बसलाय, हे तिला मी सांगून बघितलं. तिचं म्हणणं, आलेत तर आलेत, पदर घ्यायला काय लागतंय.

आता ह्या सॉफ्टवेअरची एक अट होती. घरगुती वापर असेल तर फुकट, धंद्याचा असेल तर दर वर्षी परवान्याचे पैसे. सुरुवातीलाच त्यानं विचारलं होतं, तुमचा वापर कसला? महांतप्पानं घरगुतीवर टिचकी मारली, आणि माझ्या मते त्यात त्यानं लबाडी केली न्हाय. पैसे घेतो का? न्हाय. परक्याचं काम करतो का? मुरुमच्या आसपास परका माणूस आणायचा कुठनं? चार पिढ्या मागं गेलं की सगळेच एकमेकांच्या लग्नात जेवलेले.

कंपनीला मात्र संशय आला. मागल्या उन्हाळ्यात एक दिवस सिदूचं खताचं बिल निम्मं झालेलं असताना बाण गायब. पडद्यावर पाटी, की हा वापर धंद्याचा दिसतोय, म्हणून जोडणी बंद करतोय. परत जोडलं, पाच मिनिटांत परत पाटी. मग आलूरला तेच, येणेगूरला तेच. सिदूच्या दुकानात गिऱ्हाईक ओरडतंय, सिदू फोनवर ह्याला ओरडतोय, आणि हा भिंतीवर हात मारून मला ओरडतोय, जशी काय ती पाटी माझ्या गिरणीतनं निघाली.

कंपनीनं तक्रारीला एक सोय ठेवली होती. तुमचा वापर घरगुतीच असेल तर कुणाकुणाला जोडता ते लिहून द्या. महांतप्पा बसला लिहायला. सिदू म्हणजे माझ्या साडूच्या चुलत भावाचा मेहुणा. सत्यभामा म्हणजे माझ्या चुलत्याच्या साल्याची सून. रामहरीचं नातं सापडेना, तर मला विचारायला लागला. मी म्हणलं, त्याच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात तू आहेर केलावतास, तेवढं पुरे. सगळी पंचक्रोशी त्यानं इंग्रजीत लिहून काढली. इंग्रजीत साडू, मेहुणा, साला आणि दीर ह्या सगळ्यांना एकच शब्द हाय हे त्याला तेव्हा कळलं, आणि त्याचा त्या भाषेवरचा विश्वास उडाला. कंपनीचं उत्तर सभ्य भाषेत आलं, की आपले मेहुणे फार जास्त हायत.

खरं सांगायचं तर कंपनी चुकली न्हाय. दुसऱ्याच्या वाड्याच्या अंगणात तू फुकट एवढी वर्षं गुरं बांधलीस, मालक एक दिवस काठी घेऊन येणारच. मी हे बोललो तर महांतप्पा दोन दिवस माझ्याशी मराठीत बोलला न्हाय. राग आला की तो कानडीत जातो आणि मला कळत न्हाय असं दाखवावं लागतं.

मग सोलापूरहून एका दुसऱ्या कंपनीचा एजंट आला, रणधीर नावाचा. गळ्यात पट्टा, हातात टॅब्लेट. त्याच्याकडं तसंच सॉफ्टवेअर होतं, पैसे भरून घ्यायचं. पोरगा बिचारा चांगला होता, चहा प्याला, मांडीतल्या सळईची चौकशी केली. मग त्यानं विचारलं की वर्षाचं उत्पन्न किती धरायचं, म्हणजे त्यावर योजना सुचवतो. महांतप्पा म्हणाला, तूर. रणधीरनं टॅब्लेटवर बराच वेळ बोट फिरवलं, पण त्यात तुरीची जागा निघाली न्हाय. परवाना दर वर्षी भरायचा, आणि एक वर्ष चुकलं की परत सगळ्यांचे बाण बंद, हे ऐकल्यावर महांतप्पानं त्याला दुसरा चहा पाजून वाटेला लावलं.

आता ह्यात महांतप्पाचं काय अडकलं होतं ते सांगतो, कारण नुसत्या बाणासाठी माणूस एवढा कासावीस होत न्हाय. बायको जाऊन लई वर्षं झाली. पोरगा चन्नबसप्पा पुण्याला हाय, मोठ्या कंपनीत. तिथं त्याला सीबी म्हणतात. सळई बसल्यापासून सीबीचं एकच पालुपद, अप्पा, दुकान बंद करा, इकडं या. महांतप्पाचं उत्तर ठरलेलं, की माझी एवढी माणसं माझ्यावर अवलंबून हायत, कसा येऊ. बाण बंद झाल्याचं सीबीला कळलं तसं ते उत्तरच गेलं. त्यानं फोनवर सांगून टाकलं, दसऱ्याला गाडी घेऊन येतो, सामान बांधून ठेवा. महांतप्पा एकदा पुण्याला जाऊन आलेला. आठव्या मजल्यावर बाल्कनीत खुर्ची टाकून देतात, आणि खाली माणसं दिसतात पण हाक मारली तर कुणी वर बघत न्हाय, असं त्यानं आल्यावर मला सांगितलं होतं. फोन ठेवून तो माझ्याकडं येऊन बसला. गिरणी चालू होती, बोलणं शक्य नव्हतं, तरी बसला.

वाट दाखवली ती सुनेनं. सोनाली पण कॉम्प्युटरमधलीच. तिनं नवऱ्याला न सांगता सासऱ्याला फोन केला, की अप्पा, असलंच एक सॉफ्टवेअर हाय, ज्याची आतली सगळी घडण उघडी ठेवलीय. कुणीही बघावं, कुणीही वापरावं, धंदा करा न्हायतर धर्मादाय करा, ते विचारत न्हाय. आणि मधला सर्व्हर आपल्याच दुकानात ठेवता येतो, म्हणजे तुमचा बाण दुसऱ्याच्या दारातनं जायलाच नको. मी महांतप्पाला म्हणलं, सुनेला एवढा पुळका कशाचा आलाय ते कळतंय का? दोन खोल्यांत तिला सासरा नकोय. तर तो शांतपणे म्हणाला, "तिला मी नको, मला पुणं नको. ह्याच्यापेक्षा मनासारखी सून कुठनं आणायची, गिरणी?"

लागला कामाला. एक जुना कॉम्प्युटर धूळ झटकून सर्व्हर केला, इन्व्हर्टरच्या तोंडाशी ठेवला, नेटवाल्याच्या मागं लागून दुकानासाठी कायमचा नंबर घेतला. सोनाली फोनवरून सांगायची, हा टाईप करायचा, चुकलं की मशीनला कानडीत शिव्या द्यायचा, सोनालीला वाटायचं सासरा मंत्र म्हणतोय. पण जमलं. दुकानातल्या दुकानात एका मशीनवरून दुसऱ्यावर बाण गेला तेव्हा त्यानं मला बोलावून दाखवलं. मी म्हणलं, चार हातांवरचं मशीन हाय, उठून हात लावला असतास. त्यावर त्यानं मला हाकलून दिलं.

खरी कटकट पुढं होती. सगळ्यांच्या मशीनवर नवं सॉफ्टवेअर बसवायचं, आणि आमच्याकडं फुकट म्हणलं की लोकांचा हात आधी खिशावर जातो. सिदू म्हणाला, फुकट देणाऱ्याचा काय डाव हाय ते आधी सांगा. महांतप्पानं त्याला विचारलं, तुझ्या बापानं इर्जिक घातली तेव्हा सगळ्या गावाचे नांगर तुमच्या रानात आले होते, त्यांचा काय डाव होता? सिदू म्हणाला, डाव कसला, दुसऱ्या साली आम्ही त्यांच्या रानात गेलो. महांतप्पा म्हणाला, तसंच, रान कॉम्प्युटरचं हाय एवढंच. सिदूला पटलं. फक्त इर्जिकीत शेवटी जेवण असतं, ते ह्यात कुठाय, असं त्यानं विचारलं.

मग महांतप्पानं निरोप धाडला, की बाजारच्या दिवशी सगळ्यांनी आपापला कॉम्प्युटर घेऊन मुरुमला या, एका दिवसात बसवून देतो. बाजार भरला. मोटरसायकली यायला लागल्या. पहिला रामहरी. मागं त्याची बायको, तिच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर, लेकरू धरावं तसा धरलेला. गोधडी सोडली तर आत नुसता पडदा. महांतप्पा म्हणाला, पेटी कुठाय? रामहरी म्हणाला, ती कशाला आणू, ती विजेची पेटी हाय, कॉम्प्युटर तर ह्यो. त्याच्या मागं सिदू, त्याच्याकडं पण पडदा. डेअरीवाले, केंद्रवाले, निम्म्याच्या वर लोकांनी काचा आणल्या होत्या, उशांत, चादरींत, एकानं तर सोयाबीनच्या पोत्यात. जिथं दिसतं तो कॉम्प्युटर, खाली गुरगुरतं ते लाईटचं काहीतरी, असा सगळ्यांचा समज. दुकानासमोर पडदे ओळीनं मांडले, बाजारातली माणसं येऊन त्यात तोंडं बघून भांग पाडायला लागली. महांतप्पा पायरीवर बसला आणि कपाळाला हात लावला. दसरा चार दिवसांवर आला होता आणि पुढचा बाजार दसऱ्यानंतर होता.

मी म्हणलं, ती जुनी कंपनी अजून पाच मिनिटं तर देतेय ना?

मला एवढंच म्हणायचं होतं, की तेवढ्यात निदान सिदूचं बिल काढ. महांतप्पानं माझ्याकडं अशी नजर टाकली जशी मी आयुष्यात पहिल्यांदा कामाचं बोललो. सगळ्यांना त्यानं काचा घेऊन घरी पळवलं. जुन्या सॉफ्टवेअरच्या पाच मिनिटांत आत शिरायचं, नवं उतरवायचं, बसवायचं, आणि हाकलून लावायच्या आत बाहेर यायचं. दुसऱ्या दिवसापासून हेच. रामहरीकडं दोनदा हुकलं, तिसऱ्यांदा बसलं. सिदूकडं पहिल्याच झटक्यात. मी गिरणी बंद ठेवून मागं उभा राहायचो आणि वेळ ओरडून सांगायचो, तर तो म्हणायचा, तू ओरडलास की माझा हात चुकतो.

सगळ्यात शेवटी आलूर राहिलं. तिथलं नेट म्हणजे विचारू नका. दसऱ्याच्या दिवशी सकाळी हा सत्यभामेच्या मशीनवर शिरला, ती फोनवर होती. सॉफ्टवेअर उतरतंय, उतरतंय, रेघ पुढं सरकतीय पण सरकत न्हाय. नेमकी त्याच वेळी दुकानासमोर पुण्याची गाडी येऊन थांबली. सीबी उतरला, सोनाली उतरली. सीबी आत आला, 'अप्पा' अशी हाक मारली, आणि महांतप्पानं मागं न बघता त्याला हात दाखवून गप्प केलं. पाटी आली, जोडणी तुटली. पडदा काळा. नवं बसलं का न्हाय, काहीच कळेना. महांतप्पानं आपल्या नव्या सॉफ्टवेअरमधे आलूरचा नंबर टाकला. काही होईना. मग फोनवरून सत्यभामेच्या बांगड्यांचा आवाज आला आणि ती म्हणाली, "थांबा, पदर घेते. भाऊजी आले."

सोनालीनं टाळी वाजवली, नवऱ्याकडं बघून परत हात खाली घेतले. सीबीनं सगळं समजून घेतलं. सर्व्हर बघितला, चार प्रश्न विचारले, आणि पोराला खरंच बापाचं कौतुक वाटलं, ते तोंडावर दिसत होतं. मग तो आनंदानं म्हणाला, "अप्पा, मग तर प्रश्नच मिटला. आता हे सगळं पुण्यातूनच करता येईल की."

खरंच करता येत होतं. जो बाण मुरुमातून आलूरला जातो तो पुण्यातून पण जातो. इतके दिवस मरमर करून ह्या माणसानं आपलं राहण्याचं कारण वाचवायला जे उभं केलं, त्यानंच ते कारण खाऊन टाकलं होतं. महांतप्पाच्या ते ध्यानात आलं. त्यानं खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि उगंच पुसायला लागला. हा गेला असता तरी गिरणी चालली असती, पण 'ए गिरणी' म्हणणारा मला कुणी राहिला नसता. मी सोनालीकडं बघितलं, तिनं जमिनीकडं बघितलं. सीबी सामान कुठाय म्हणून विचारायला लागला, आणि महांतप्पा उठून खरंच पिशवी शोधायला लागला.

दुपारी आलूरहून टमटम आला. सत्यभामा उतरली, मागं तिचा नवरा पोतं घेऊन. अप्पा जाणार हे तिला आधीच कळलं होतं, मीच रामहरीला बोललो होतो, रामहरीला बोललं की वेगळा फोन करावा लागत न्हाय. तिनं दारातच पदर सारखा केला आणि पोतं आत टाकायला लावलं. महांतप्पा म्हणाला, तुरीला अजून अवकाश हाय. ती म्हणाली, तुरीला हाय, मूग निघालेत. महांतप्पा म्हणाला, मागल्या वर्षीचं तर तू दिलंयस. ती म्हणाली, हे मागलं न्हाय, हे पुढलं. "आगाऊ घातलंय, भाऊजी. आता वरीस पुरं केल्याबिगर तुमाला हलता येत न्हाय."

तिच्या मागनं सिदू आला उडीद घेऊन. रामहरीनं शेर-दीड शेर मूग आणले आणि कमी पिकले म्हणून रडला. संध्याकाळपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा उरली न्हाय. प्रत्येक जण पोतं टाकायचा, सीबीला नमस्कार करायचा, आणि दसऱ्याचं सोनं म्हणून आपट्याचं पान त्याच्या हातात देऊन जायचा. सीबी पानांची मूठ धरून उभा. त्यानं बापाला हळूच विचारलं, हे घेतलंच पाहिजे का? महांतप्पा म्हणाला, "घेतलं की राहायचं, आणि परत केलं तर त्यांचं तोंड बघायचं न्हाय. तूच सांग, काय करू?" सीबी खुर्ची ओढून बसला आणि शेवटी म्हणाला की सर्व्हरला एक चांगला इन्व्हर्टर लागेल.

रात्रभर राहून सकाळी ती दोघं निघाली. गाडीची डिकी अप्पाच्या सामानासाठी रिकामी आणली होती. त्यात एक पोतं मूग, एक उडीद, आणि माझ्या गिरणीतलं ज्वारीचं पीठ भरलं. सोनाली गाडीत बसताना सासऱ्याच्या पाया पडली, जरा जास्तच वाकून पडली असं मला वाटलं. सीबीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, नानाकाका, लक्ष ठेवा. मी म्हणलं, मधे भिंत हाय, तिच्यातून जेवढं ऐकू येतं तेवढं ठेवतो.

गाडी गेल्यावर महांतप्पा पोत्यांवर बसला आणि मला म्हणाला, कंपनीचंच खरं झालं बघ. आगाऊ मोबदला घेतला म्हणजे आता हा धंदाच झाला, घरगुती कसलं. मी म्हणलं, मग आता नवं सॉफ्टवेअर पण बंद पडणार? तो म्हणाला, हे विचारतच न्हाय. तेवढ्यात त्याच्या पडद्यावर आलूरचा नंबर आला. त्यानं शर्टाची बटणं लावली, खुर्ची पुढं ओढली आणि माऊसवर हात ठेवला. एवढी वर्षं चड्डी-बनियनवर बाण पाठवणारा माणूस शर्ट घालून बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.